दुप्पट इसार घेऊन जळगाव जामोदला

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. चौथीत बाईंनी ‘मी पाहिलेले ठिकाण’ असा निबंध लिहायला सांगितला होता. मी कुठे गेलेच नव्हते, म्हणून ते पान कोरं राहिलं. आता पंचेचाळिसाव्या वर्षी एकटीने जाऊन आले, तर लिहावंसं वाटलं. ब्लाउजची मापं लिहायच्या वहीत मागच्या बाजूने लिहिते आहे. कोणी वाचावं अशी इच्छा नाही, पण वाचलंच तर चुका सांभाळून घ्या.

आमचं गाव देऊळघाटपासून चालत अर्ध्या तासावर आहे. त्याचं नाव लिहीत नाही. घरात मी आणि माझा धाकटा भाऊ दिनकर, असे दोघंच. नवऱ्याने सोडल्यापासून मी इथेच आहे. मी ब्लाउज शिवते. दिनकरची पिठाची गिरणी होती, म्हणजे आहे, पण बंद आहे.

दिनकरला बायका आवडत नाहीत, पुरुष आवडतात. हे त्याने मला चौदा वर्षांपूर्वी सांगितलं. त्या दिवशी मुलीकडचे पाहुणे येणार होते. मी त्यांना निरोप धाडला की मुलाला फिट येतात. त्यानंतर कोणी आलं नाही. गावाला सगळं ठाऊक होतं, पण तोंडावर कोणी बोलत नव्हतं. दळण त्याच्याकडेच बारीक निघायचं.

उन्हाळ्यात जळगाव जामोदहून पिच्चरवाले आले. मोबाईलवर वऱ्हाडी विनोदी पिच्चर येतात, तसले. त्यांचा मुख्य माणूस संदीप, तिशीचा, एरवी लग्नाचे फोटो काढणारा. त्याला पडवीचं घर आणि पट्ट्यावर चालणारी जुनी गिरणी हवी होती. दोन्ही आमच्याकडे होतं, गिरणी घराला लागूनच. चार दिवस ती सात माणसं आमच्या घरात राहिली. मी त्यांचा स्वयंपाक केला, दोन सदरे शिवून दिले. दिनकरने त्यांना पट्टा कसा चढवायचा ते दाखवलं. गोष्ट काय आहे विचारलं तर म्हणाले, गावावरची गंमत आहे. जाताना मला तीन हजार रुपये दिले.

पोळ्याच्या सुमारास पिच्चर आलं. त्यात नाजूकराव नावाचा गिरणीवाला आहे, बायकी चालणारा. सरपंच दवंडी देतो की याच्या हातचं पीठ खाल्लं की गडी माणूस (पुरुष) याच्यासारखा होतो. मग गावातले सगळे पुरुष भाकर सोडतात आणि उपाशी फिरतात. आमच्या गावात त्याचे तुकडेच फिरले, दोन-दोन मिनिटांचे. ज्यात नाजूकराव चालतो, तेवढेच.

आधी थट्टा होती. पोरं गिरणीसमोरून ओरडत जायची, “नाजूकराव, बारीक दळ बे, बाबाले साडी नेसायची हाये.” मग एका सासूने सुनेला सांगितलं, आपलं पोरगं लग्नाचं आहे, दळण बसस्टॉपजवळच्या गिरणीत ने. पिठाने काही होतं असं खरं कोणीच मानत नव्हतं. पण दिनकरकडून दळण आणलं की त्या घरच्या पुरुषांना पारावर बसू देत नव्हते. पिच्चरमधली गंमत गावाने अशी खरी केली. दसऱ्यापर्यंत डबे कमी झाले, दिवाळीला एकही आला नाही. दिनकरने शटर ओढलं आणि घरात बसला. जेवण अर्ध्यावर आलं. एका दुपारी भिंतीकडे तोंड करून मला म्हणाला, “ते पिच्चर मोबाईलवरून निघालं तं गिरणी उघडतो बाई. नाही तं...”

मी फवारणीच्या औषधाचे डबे त्याच संध्याकाळी शेजारी शांतावहिनींकडे नेऊन ठेवले.

आमच्याकडे बैल विका की शेत विका, आधी इसार घेतात (सौदा पक्का करायला आगाऊ दिलेले पैसे). विकणाऱ्याने सौदा मोडला तर त्याने इसार दुप्पट परत करायचा. तसा केला की घेणाऱ्याला काही बोलता येत नाही, वस्तू परत करावी लागते. मी तीन हजार घेतले होते, म्हणजे सहा हजार परत केले की पिच्चर परत. मला हे अगदी साधं वाटलं. जमले चार हजार. ते कनवटीला बांधले, वहिनींना दिनकरकडे लक्ष ठेवायला सांगितलं, त्याला सांगितलं की अस्तराचं कापड आणायला जाते, आणि निघाले.

देऊळघाटहून ऑटोने बुलढाण्याला आले. स्टँडवर मी बोर्ड वाचू शकते, पण गाडी लागली की सगळे धावतात आणि मला धावता येत नाही, माणसांत घुसता येत नाही. दोन गाड्या गेल्या. तिसरीत एका बाईने माझी पिशवी खिडकीतून आत टाकली आणि म्हणाली, आता तरी चढ. बायकांना अर्धं तिकीट आहे. नांदुऱ्याचं मागितलं तर कंडक्टरला माझा आवाज ऐकू गेला नाही, तीनदा सांगावं लागलं.

बुलढाणा उंचावर आहे. घाट सुरू झाला की खालची शेतं आणि गावं पायाखाली दिसतात. मी ती नीट पाहणार होते, पण तिसऱ्या वळणाला पोटात ढवळलं आणि डोकं खिडकीबाहेर काढून बसले. मागच्या बाकावर दोन कॉलेजची पोरं मोबाईल पाहत होती. त्यातून कडी वाजल्याचा आवाज आला. ती माझ्याच घराची कडी होती. वरून सैल आहे, ती दोनदा वाजते. त्यानंतर पोरं हसली. मी पदर डोक्यावरून पुढे ओढला. जणू त्या पिच्चरमध्ये मीच होते.

शेजारच्या बाईने बडीशेप दिली. मोताळ्याकडची होती, कापूस वेचायला बायकांची टोळी घेऊन जाणारी. तिने विचारलं, “काऊन वं, एकली कुठी चालली?” मी सांगितलं, जळगावला, भावाच्या कामाला. मागे पोरं पुन्हा हसली तसं तिनेही वळून पाहिलं आणि हसली. म्हणाली, भारी आहे तो नाजूकराव, आमच्या टोळीतल्या पोरी जेवणाच्या सुट्टीत तेच पाहतात. मग थोडं थांबून आपणहून म्हणाली, “आमच्या गावातही होता तसा एक.”

“मंग?” मी विचारलं.

“मंग काही नाही. आता नाही तो.” तिने बडीशेपेची पुडी बांधली आणि झोपली. बाहेर दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) फुटली होती, पांढरी. मी मोताळ्यापर्यंत त्या ‘नाही’चा अर्थ लावत होते. विचारायची हिंमत झाली नाही.

नांदुऱ्याला दुसरी गाडी होती. घरांच्या वर मारुतीची मोठी पांढरी मूर्ती दिसते, ती लांबूनच दिसते आणि बराच वेळ दिसत राहते. गाडी यायला तासभर होता. कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा बरोबर होता, तो खाल्ला. पाणी खारट लागलं. टपरीवाली म्हणाली, इथून पुढे पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीत मीठ आहे, विहिरीचं पाणी गुरंसुद्धा तोंड वाकडं करून पितात. मी नाव विचारायच्या आत तिनेच माझं विचारलं आणि पैसे घेताना एक रुपया सोडला. एवढं बोलणं झालं तरी मला घाम आला होता.

पूर्णेचा पूल ओलांडला की जमीन सपाट आणि काळी होते. मग समोर सातपुडा दिसू लागतो, आधी धुरासारखा, मग निळा. आमच्याकडे आम्ही डोंगरावर राहतो, इथे लोक डोंगराकडे पाहत राहतात. ते मला आवडलं. कारण वेगळं असतं तर मी खूश झाले असते.

जळगाव जामोदला उतरले तेव्हा दुपार झाली होती. संदीपच्या दुकानाला कुलूप होतं, त्यावर कागद: आज पिच्चरचा मोफत खेळ, मंगल कार्यालयात. रस्ता विचारला तो अर्धाच कळला आणि मी दुसऱ्याच कार्यालयात शिरले. तिथे साखरपुडा होता. दारातच एका बाईने मला कुंकू लावलं, हातात ताट दिलं आणि म्हणाली, उशीर केला. मला नाही म्हणता येईना. बुंदीचे दोन घास उभ्याने खाल्ले आणि ताट खुर्चीखाली ठेवून मागच्या दाराने निघाले. दिवसभरात तेवढंच काय ते हसण्यासारखं झालं, आणि तेव्हा मला हसू आलं नाही.

खेळ समोरच्या गल्लीत होता. खिडक्यांना जाड पडदे, खुर्च्या भरलेल्या, पोरं खाली बसलेली. मी बायकांच्या मागच्या रांगेत टेकले. पडद्यावर माझी पडवी, माझी रांजणाची घडवंची, माझी कोंबडी. मग नाजूकराव दारातून बाहेर आला. छोटी पावलं, मान किंचित कलती, आणि उजवा हात कोपरातून वर धरलेला, बोटं खाली लोंबती. सगळं कार्यालय हसत सुटलं. शेजारच्या बाया एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. आणि मीही हसले. मोठ्याने. हसू तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी कोणाला हसले.

एक गोष्ट मी वर लिहिलेली नाही. ती लिहायचीच नव्हती. शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी नाजूकराव झालेल्या पोराला चालायला जमत नव्हतं. मी चहा देत होते तेव्हा त्याने सहज विचारलं, “मावशी, तुमचा भाऊ कसा चालते हो?” मी चार माणसांत कधी तोंड उघडत नाही. पण दोन दिवस ती पोरं माझ्या हातचं खाऊन मला आई-मावशी करत होती. मी कप खाली ठेवला, पदर खोचला आणि पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दिनकरसारखी चालून दाखवली. दिनकरचा हात वर असतो कारण बोटं पिठाने भरलेली असतात, ती कपड्याला लागू नयेत म्हणून. मी तो हात वर धरला आणि थोडा जास्तच लोंबवला. सात माणसं हसली. मला आयुष्यात कोणी असं हसून दाद दिली नव्हती. त्यांनी पुन्हा कर म्हटलं, मी पुन्हा केलं.

म्हणून मी दुप्पट द्यायला निघाले होते. नुसतं घर आणि स्वयंपाक विकला असता तर परत मागायचं काही कारण नव्हतं.

पिच्चरचा शेवट मी तिथेच पहिल्यांदा पाहिला. उपाशी पुरुष एकेक करून चोरून गिरणीत येतात, आणि सरपंच स्वतः धान्याच्या पोत्यात लपून येतो. नाजूकराव त्याला पोत्यासकट काट्यावर ठेवतो, वजन सांगतो आणि म्हणतो, एवढं जड दळण मला झेपत नाही. लोक तिथेही हसले, पण कमी. अर्धी पोरं तोपर्यंत उठून बाहेर गेली होती.

संदीपने मला दारात ओळखलं. “मावशी, तुम्ही? मामा नाही आले?” मला मागच्या भांड्यांच्या खोलीत नेलं, कढईवर झाकण ठेवून बसायला जागा केली, कचोरी मागवली. मी कनवटीचे चार हजार काढून झाकणावर माझ्या शेजारी ठेवले. म्हटलं, इसार परत आणला, दुप्पट. चारच आहेत, दोन मागून देते. सौदा मोडला.

तो हसेल असं वाटलं होतं. पण तोही शेतकऱ्याचा पोरगा, इसाराला हसला नाही. दिनकरचं काय चाललंय ते मी सांगितलं. तो खाली पाहून ऐकत होता. मग म्हणाला, “मावशी, म्या थट्टा गावाची केली, मामाची नाही. शेवट पाह्यला ना तुम्ही? सारं गाव येडं ठरते. तो एकलाच शहाणा निघते.”

“पिच्चरमधल्या गावात एकच गिरणी हाये भाऊ,” मी म्हटलं. “आमच्या गावात दोन हायेत. आमच्याकडं कोणी उपाशी नाही राह्यलं.”

त्याने मोबाईल काढून एका पोराने पाठवलेलं वाचून दाखवलं. दूरच्या खेड्यातला, अकरावीतला. त्याने लिहिलं होतं की तो पोत्याचा शेवट मी रोज झोपायच्या आधी पाहतो. संदीपने विचारलं, हे काढलं तर याला मी काय सांगू? त्या पोराचा विचार मी परतीच्या वाटेवर केला, आणि अधूनमधून करते.

मग त्याने कॅमेऱ्याच्या हप्त्याचं सांगितलं, पिच्चरमधून महिन्याला थोडे पैसे येतात ते सांगितलं. लोकांच्या मोबाईलमधले तुकडे माझ्या हातात नाहीत, असंही म्हणाला. ते मला कळलं. ज्यांनी मला काही दिलंच नाही, त्यांना मी परत तरी काय करणार? शेवटी बाहेर दुसऱ्या खेळाची माणसं गोळा व्हायला लागली तसं तो म्हणाला, पुरे सहा झाले की मी माझ्याकडचं काढतो. मनापासून म्हणाला की मला वाटेला लावायला, कोण जाणे. मी तो शब्द धरला आणि चार हजार तिथेच ठेवले.

उठताना तो हळू आवाजात म्हणाला, “पण मावशी, चालणं तं तुम्हीच दाखवलं होतं.” टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

“हाव,” मी म्हटलं. “तेच परत न्यायले आली.”

परतीची गाडी तीनला होती. खिडकी मिळाली, घाट चढताना पोट शांत राहिलं, पण बाहेरचं काही आठवत नाही. दिवे लागून बराच वेळ झाला तेव्हा घरी पोचले. दिनकर अंगणात बसला होता. हातात अस्तराचं कापड नाही हे त्याने पाहिलं. मी सगळं सांगितलं, आणि चालून दाखवल्याचंही सांगितलं. ते सांगताना त्याच्याकडे बघवत नव्हतं म्हणून चपलेकडे पाहत होते.

तो म्हणाला, “म्या पाह्यलं होतं. गिरणीच्या खिडकीतून.”

मी विचारलं, मग तेव्हाच का बोलला नाहीस?

“तू हासत होती बाई. तुले तसं हासताना म्या पाह्यलंच नव्हतं कधी. मले वाटलं, हासू दे.”

त्या रात्री तो जेवला का ते मला आठवत नाही. मी जेवले नाही.

मी चार तालुक्यांचा रस्ता पाहून आले, नदी पाहिली, सातपुडा पाहिला. लोक प्रवासाने शहाणे होतात म्हणतात. मला एवढंच कळलं की थट्टेचा कोणता भाग घरी न्यायचा हे हसणारा ठरवतो, करणारा नाही. संदीपने त्यात शेवट घातला होता, तो कोणी नेला नाही. मी त्यात पीठ लागलेला हात दाखवला होता. पीठ कोणाला दिसलं नाही, हातच दिसला.

उरलेले दोन हजार मी लग्नसराईत शिवण करून पाच-पाचशेने पाठवले. रस्त्यावर मोबाईलचं दुकान आहे, दुकानदार रोख घेतो आणि समोरच्याला पाठवतो. तीनदा मीच गेले. चौथ्यांदा, संक्रांतीनंतरच्या सोमवारी, मी पदर नीट करून निघत होते तर दिनकर उठला. त्याने गिरणीतला पत्र्याचा डबा काढला, त्यातल्या सुट्या नोटा मोजल्या. म्हणाला, “चालणं माहं हाये. शेवटचे म्या देतो.”

तो तीन महिन्यांनी अंगणाबाहेर पडला. मी मागे वीस पावलांवर राहिले. गिरणी बंद होती, हाताला पीठ नव्हतं, तरी त्याचा उजवा हात कोपरातून वर होता. वीस वर्षांची सवय. पाराजवळ पोरं उठली. दोघं त्याच्या मागे तसाच हात धरून चालू लागले. त्यांना आता मोबाईल लागत नव्हता, त्यांना ते पाठ झालं होतं. बसलेल्या मोठ्या माणसांपैकी कोणी हसलं, कोणी खाली पाहिलं. दिनकरने पाऊल मोठं केलं नाही आणि हातही खाली घेतला नाही.

दुकानदाराने पैसे पाठवले. दिनकरने त्याच्याच मोबाईलवरून संदीपला फोन लावायला सांगितलं आणि म्हणाला, गिरणीवाला बोलतो, सहा पुरे झाले. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आम्ही बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने दुकानदाराने मोबाईलवर शोधून पाहिलं आणि मान हलवली. संदीपचं पिच्चर तिथे नव्हतं. तुकडे होते, ते दुसऱ्यांचे होते.

परत येताना पोरं पुन्हा मागे लागली, पाच झाली होती. घराशी आल्यावर दिनकरने गिरणीचं शटर हातभर वर केलं, आत वाकून पाहिलं, पट्टा उंदरांनी कुरतडला म्हणाला. उद्या नवा आणतो, दळण येवो न येवो. मग नोटांचा रिकामा डबा माझ्या हातात दिला.

“फिटले बाई,” तो म्हणाला. “पुरे सहा हजार.”